वीतभर गोलाई

१९७३ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, एडवर्ड्स हवाई तळाच्या आवारात, नासाच्या काही अभियंत्यांनी कामातून गेलेली एक फोर्ड डिलिव्हरी व्हॅन घेतली आणि तिला जाणूनबुजून बेढब केले. सांगाड्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकले, सगळे कोपरे काटकोनात आणले आणि तिचे नाव ठेवले ‘बुटांचा खोका’. हा खोका वेगात पळवायचा, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि तो किती अंतरात, किती वेळात मंदावतो हे मोजायचे, असा प्रयोग होता. गाडीचा आकार हवा किती वाईट कापतो, हे सांगणारा एक आकडा असतो. त्याला रोधगुणांक म्हणतात आणि तो जितका लहान तितका चांगला. या खोक्याचा रोधगुणांक भरला ०.८९. मग त्याच्या पुढच्या-मागच्या उभ्या कडा गोल केल्या. वाऱ्याचा विरोध ४० टक्क्यांनी उतरला, आणि त्यासाठी आतली जागा गेली अवघी १.३ टक्के. आडव्या कडाही गोल केल्यावर एकूण घट ५४ टक्क्यांवर पोचली. गाडीचे पोट खालून झाकले तेव्हा ही घट साठीच्या घरात गेली.

या प्रयोगामागे एका सायकलस्वाराचा अनुभव होता. एडविन सॉल्ट्झमन हे तिथले वायुगतिकीचे अभियंता सायकल चालवत असत. शेजारून मोठा ट्रक आला की हवेची लाट त्यांना आधी रस्त्याच्या कडेला ढकलायची आणि ट्रक पुढे सरकला की तीच हवा त्यांना रस्त्याकडे ओढायची. पुणे-सातारा रस्त्यावर दुचाकीवरून गेलेल्या कोणालाही हा धक्का आणि ही ओढ अंगाने ठाऊक आहे. आपण हँडल घट्ट धरतो आणि ट्रक निघून जाण्याची वाट पाहतो. सॉल्ट्झमन यांना त्या धक्क्यात वाया जाणारी ताकद दिसली. बाजूच्या सायकलस्वाराला हलवणारी ती ताकद ट्रकच्या टाकीतल्या डिझेलमधूनच येत होती.

मोटरहोम, म्हणजे इंजिन, चाके, स्वयंपाकघर आणि बिछाना एकाच सांगाड्यावर असलेले घर, हे आजही बहुतांशी असाच खोका आहे. अमेरिकेत आणि युरोपात अशा गाड्यांचे मालक अ‍ॅव्हरेज वाढावे म्हणून बाजारातून नाना वस्तू आणून गाडीला बसवतात. टपावरच्या एसीपुढे उतरता पत्रा, चाकांच्या मधल्या जागेत झालर, मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या छोट्या पंखांची रांग. त्यांची धडपड मला मनापासून आवडते. इंधन वाचवायला स्वतःच्या हाताने शिडीवर चढणारा माणूस आदराला पात्रच आहे. पण गेल्या १०० वर्षांचा हिशेब पाहिला की एक गोष्ट खटकते. जे काम कारखान्यात गाडीची बॉडी बांधताना व्हायला हवे होते, ते आपण ग्राहकाच्या गळ्यात घातले आहे, तेही तुकड्यातुकड्याने आणि वरातीमागून घोडे नाचवावे तसे.

आधी थोडे गणित, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. समजा, मोटरहोमचा समोरचा चेहरा साडेसहा चौरस मीटर आहे, रोधगुणांक ०.५ आणि वजन साडेतीन टन. ताशी १०० किलोमीटरला वारा या गाडीला सुमारे १५० किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटतो. त्याच वेगाला टायरांचा रस्त्याशी होणारा विरोध फार तर ३५ किलोंचा. वेग निम्मा केला, ५० वर आणला, की वाऱ्याचा रेटा चौपट उतरून ३८ किलोंच्या आसपास येतो आणि वारा व टायर बरोबरीला येतात. वेगाच्या वर्गाने रेटा वाढतो आणि घनाने ताकद लागते. म्हणून १०० ऐवजी ८० ने चालवणाऱ्याला वाऱ्याशी झगडायला जवळजवळ निम्मीच अश्वशक्ती पुरते. घाटातल्या वळणांवर गाडीचा आकार कसाही असला तरी फारसे बिघडत नाही. मोकळ्या महामार्गावर मात्र आकार हाच खर्च असतो.

हे ज्ञान नवे नाही. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या परिषदेत पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराची कल्पना मांडली. हा थर पृष्ठभागाला धरून राहिला तर वारा सुखाने मागे जातो, सुटला तर मागे भोवऱ्यांची पोकळी पडते आणि ती पोकळी वाहनाला मागे ओढत राहते. वाहनांच्या आकारावर पुढे जे काही लिहिले गेले त्याचा पाया या एका कल्पनेत आहे. प्रांट्ल यांच्या हाताखाली गॉटिंगेनला शिकलेल्यांत आपलाही एक माणूस होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावी १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे. त्यांनी तिथे डॉक्टरेट मिळवली, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवले, आणि १९५१ साली आकाशात झेपावलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान त्यांच्या नेतृत्वाखाली घडले. वाऱ्याचे हे शास्त्र आपल्याला परके नाही, एवढे ध्यानात ठेवावे म्हणून हा उल्लेख.

प्रांट्लनंतर जर्मनीत वाहनांचे आकार झपाट्याने तपासले गेले. झेपेलिनच्या कारखान्यातले पॉल याराय यांनी हवाई जहाजांवरून शिकून मोटारींना थेंबाचा आकार सुचवला. एडमुंड रुम्पलर यांची १९२१ ची ‘थेंबगाडी’ त्या वेळी चारचौघांच्या कुतूहलाचा विषय झाली आणि लवकरच अडगळीत गेली. १९७९ साली फोक्सवॅगनने तिला आपल्या वातबोगद्यात उभे केले तेव्हा तिचा रोधगुणांक ०.२८ निघाला. त्या काळच्या कित्येक नव्या मोटारी त्याच्या जवळपासही नव्हत्या. स्टुटगार्टच्या वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकात आणखी एक सोय दाखवून दिली. लांबलचक निमुळती शेपटी लागत नाही, ती थोडी निमुळती करून मध्येच कापली तरी बराचसा फायदा पदरात पडतो. घरासारख्या गाडीला ही सोय सर्वांत उपयोगी होती, कारण शेपटी कितीही चांगली असली तरी तिच्यात पलंग मावत नाही.

चाकांवरच्या घराने हे सगळे खरोखर अंगी बाणवले ते विमानवाल्यांच्या हातून. हॉली बॉलस हे ग्लायडर बनवणारे गृहस्थ. लिंडबर्ग ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक पार गेले त्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’च्या बांधणीवर त्यांची देखरेख होती. १९३४ साली त्यांनी ‘रोड चीफ’ नावाचे ओढते घर काढले. रिव्हेट मारलेल्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे, विमानाच्या धडासारखे. त्याचे दार पुढच्या बाजूला, जोडदांड्याच्या वर होते. धंदा चालला नाही. वॉली बायम यांनी तीच कल्पना उचलली, दार बाजूला आणले आणि १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणले. किंमत १,२०० डॉलर, जी मंदीच्या काळात थोडी नव्हती. आज एअरस्ट्रीमकडे लोक जुन्या काळची शोभेची वस्तू म्हणून पाहतात. तिची गोलाई शोभेसाठी नव्हती. विमानात पत्रा जसा वळवतात तसा तो वळवला होता, आणि वळवलेला पत्रा हलका, कणखर व वाऱ्याला सोपा असतो. हे तिन्ही गुण एकाच वक्रतेतून आले, असे मला वाटते, आणि म्हणूनच ती गाडी टिकली.

एअरस्ट्रीमच्या जाहिरातीत १९४७ चे एक गाजलेले चित्र आहे. आल्फ्रेड लेतूर्नर हे फ्रेंच सायकलपटू अख्खे ओढते घर सायकलने ओढत आहेत. लोक त्यात वाऱ्याची करामत पाहतात. पण सायकलच्या वेगाला वारा एवढ्या मोठ्या घराला फारसे अडवत नाही. ते चित्र वजनाच्या हलकेपणाचे आहे. वाऱ्याची करामत त्याच लेतूर्नर यांनी सहा वर्षे आधी, १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळ दाखवली होती. आडोसा लावलेल्या रेसिंग गाडीच्या पाठीला चिकटून त्यांनी सायकल ताशी सुमारे १७५ किलोमीटरने चालवली. माणसाचे पाय त्या दिवशी काही वेगळे झाले नव्हते. त्यांच्यासमोरची हवा तेवढी बाजूला झाली होती. मोटरहोमच्या मालकाने जाहिरातीतल्या त्या चित्रापेक्षा बेकर्सफील्डचा हा विक्रम लक्षात ठेवावा.

युद्धानंतर हाच धडा दुसऱ्यांदा गिरवला गेला. डच व्यापारी बेन पोन यांनी १९४७ मध्ये वहीच्या पानावर एका डबेवजा गाडीचे रेखाटन केले. फोक्सवॅगनने त्यावरून १९४९ मध्ये नमुना घडवला आणि ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठातल्या वातबोगद्यात तपासला. पहिला आकार वाईट ठरला. तेव्हा अभियंत्यांनी पुढची काच दोन भागांत करून मधोमध कोन दिला, कपाळ गोलसर केले आणि डब्याचे डबेपण तसेच ठेवून रोधगुणांक ०.४४ वर आणला. याच कंपनीच्या गोल पाठीच्या बीटलचा आकडा होता ०.४८. डब्यासारखी गाडी कासवासारख्या गाडीपेक्षा वाऱ्यातून सोपी जाते, हे त्या काळी कोणाला खरे वाटले नसते. १९५० पासून ही गाडी विकली जाऊ लागली, १९५१ पासून वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात पलंग-कपाट बसवायला सुरुवात केली, आणि जगातले सर्वांत लाडके फिरते घर जन्माला आले. पाहायचे ते एवढेच, की १९७३ च्या नासाच्या खोक्याचा आकडा कडा गोल केल्यावर ०.४१ च्या आसपास येतो. दोन देश, २४ वर्षांचे अंतर, आणि उत्तर जवळपास तेच.

मग चौकोनी घर जिंकले कसे? याचे उत्तर कारखान्याच्या जमिनीवर सापडते. १९५८ साली आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या गावी विनेबेगो ही कंपनी सुरू झाली. १९६६ पासून तिने मोटरहोमचे भरघोस उत्पादन केले आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. ज्यांना एअरस्ट्रीम परवडत नव्हती अशा हजारो कुटुंबांनी तिच्यामुळे आपला देश पाहिला. तिचे यश सपाट भिंतीत होते. दोन पातळ पत्रे, मध्ये फोम, सगळे चिकटवून दाबलेले. असा तक्ता टेबलावर तयार होतो, करवतीने कापता येतो, त्याला खिडकी पाडता येते आणि सरळ कपाट त्याला चिकटून बसते. गोल भिंतीला गोल कपाट लागते आणि ते करायला सुतार लागतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग काढला की समोर आणखी एक उभी भिंत येते. गाडीची रुंदी कायद्याने ठरलेली, त्यामुळे गोलाईला दिलेला प्रत्येक इंच आतून जातो असे बांधणाऱ्याला वाटते. १.३ टक्क्यांचा तो आकडा त्यांच्या टेबलावर कोणी ठेवला नव्हता.

एक अपवाद मात्र झाला आणि त्याची हळहळ वाटते. १९७३ मध्ये जनरल मोटर्सने जीएमसी मोटरहोम आणले. ओल्ड्समोबिल टोरोनॅडोचे पुढची चाके फिरवणारे यंत्र वापरल्याने खालून जाणारा दांडा गेला, तळ खाली आला, गाडी बुटकी झाली. चेहरा उतरता, काच भली मोठी, कडा वळवलेल्या, बॉडी अ‍ॅल्युमिनियम आणि फायबरग्लासची. कोपऱ्यांच्या गोलाईला पलंग आड येत नाही, हे तिने २६ फुटांत दाखवून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखले. पंपांवर रांगा लागल्या आणि मोटरहोमचा बाजार कोसळला. जीएमसीने १९७८ पर्यंत एकूण १२,९२१ गाड्या बनवल्या आणि काम थांबवले. त्यांतल्या कितीतरी आजही मालक जीव लावून चालवतात. दूरदृष्टीने बांधलेली गाडी तेलटंचाईच्या दशकातच बंद पडावी, हा इतिहासातला दुःखद योगायोग आहे.

तेलटंचाईने ट्रकवाल्यांना मात्र कायमचे शहाणे केले. तसे त्यांच्याकडे आधीपासूनच काही होते. वॉल्टर सेल्डन सॉन्डर्स यांनी ट्रकच्या केबिनवर बसवायच्या वाराढालीचे पेटंट १९६६ मध्ये मिळवले होते. केबिनवरून येणारी हवा मागच्या उंच डब्याच्या उभ्या भिंतीवर आपटू नये म्हणून ती ढाल तिला वर उचलून देते. अध्यक्ष निक्सन यांनी जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा आणली तेव्हा या ढालीला खरे गिऱ्हाईक मिळाले. नासाचे प्रयोग ट्रकवरही झाले. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००४ मध्ये ‘स्मार्टवे’ कार्यक्रम सुरू केला आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियाने ५३ फुटी डब्यांना वारा सोपा करणारी साधने सक्तीची करणारा नियम केला. आज तिथल्या महामार्गावर डब्याच्या पोटाशी झालर नसलेला ट्रेलर वेगळा उठून दिसतो.

ट्रकला जमले ते मोटरहोमला का जमले नाही, याचा हिशेब चार ओळींचा आहे. वर्षाला दीड लाख किलोमीटर धावणारा ट्रक लिटरला ३ किलोमीटर देत असेल तर ५० हजार लिटर डिझेल खातो. त्यातले ५ टक्के वाचले तर अडीच हजार लिटर. वर्षाला ८ हजार किलोमीटर फिरणारे मोटरहोम लिटरला ८ किलोमीटर देत असेल तर एक हजार लिटर खाते. त्याचे ५ टक्के म्हणजे ५० लिटर. ट्रकवाला साधनाची किंमत काही महिन्यांत वसूल करतो, मोटरहोमचा मालक गाडी विकेपर्यंत वाट पाहतो. म्हणून नंतर चिकटवायच्या वस्तूंचा मार्ग या गाडीला मुळातच महाग पडतो. कारखान्यात साच्याची कड गोल केली तर मालकाला वसुलीचा प्रश्नच पडत नाही.

तरीही ज्याच्या दारात खोका उभा आहे त्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच. तो टाळणे बरे नव्हे, म्हणून प्रत्येक साधनाविषयी मला पटलेले सांगतो. सर्वांत जास्त मिळते ते पुढे. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या भिंतीच्या काटकोनी कडा फोम आणि फायबरग्लासने गोल करता आल्या तर ते काम अंगमेहनतीचे असले तरी शहाणपणाचे आहे. कारण हवा तीक्ष्ण कडेवर वळू शकत नाही. ती तिथे फाटते, बाजूने फुगून निघते आणि गाडी प्रत्यक्षात आहे त्याहून रुंद असल्यासारखी वागते. सव्वादोन-अडीच मीटर रुंदीच्या गाडीला वीतभर त्रिज्येची गोलाई ही फाटाफूट थांबवायला पुरते. त्यानंतर टपावरचा पसारा. एसी, अँटेना, सामानाची पेटी, सायकली. जे काढता येईल ते काढावे, जे राहील त्याच्यापुढे उतार द्यावा. खालची झालर आणि झाकलेले पोट उपयोगाचे आहे, पण ब्रेक आणि सायलेन्सरला हवा लागते आणि खाचखळग्यांतून पोट घासते, याचे भान ठेवून. मागे दोन-अडीच फुटांची निमुळती होत जाणारी पाती लावली तर पोकळी लहान होते. ट्रकवर ती यशस्वी झाली आहेत, मात्र गाडीची लांबी, शिडी, मागची खिडकी आणि कायदा हे सगळे त्यांच्या आड येते.

आता त्या छोट्या पंखांविषयी, कारण सर्वांत जास्त खप त्यांचा आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही. हे पंख विमानातून आले. अमेरिकेत युनायटेड एअरक्राफ्ट कंपनीत १९४० च्या दशकाच्या अखेरीस हार्लन टेलर यांनी त्यांच्यावर काम केले. पंख मुद्दाम बारीक भोवरे उठवतो, ते भोवरे वरची जोमदार हवा पृष्ठभागालगतच्या थकलेल्या थरात मिसळतात आणि तो थर आणखी थोडे अंतर पृष्ठभागाला धरून राहतो. जिथे पृष्ठभाग हळूहळू उतरत जातो तिथे हे काम देते. मित्सुबिशीने २००४ मध्ये लान्सर इव्होल्यूशन या मोटारीच्या टपाच्या टोकाला, उतरत्या मागच्या काचेच्या आधी, असे पंख बसवून पाहिले आणि रोधगुणांक ०.००६ ने उतरला. घट खरी आहे, मोजलेली आहे आणि लहान आहे. मोटरहोमची पाठ मात्र भिंतीसारखी उभी असते. तिथे हवा कडेवर सुटणार हे आकारानेच ठरवून टाकलेले असते, तिला पुढे धरून ठेवायला पृष्ठभागच नसतो. पुढची कड काटकोनी ठेवून मागे पंख चिकटवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्यांनी ते लावले आहेत त्यांतले पुष्कळजण सांगतात की गाडी बाजूच्या वाऱ्यात शांत वाटते, मागची काच कमी मळते. त्यांच्या अनुभवाला मी खोटे म्हणणार नाही. पण अ‍ॅव्हरेज वाढल्याचा दावा काट्यावर तोलून घ्यावा लागेल.

हा काटा कोणालाही वापरता येतो. ताशी १५ किलोमीटरचा समोरचा वारा १०० च्या वेगाला गाडीवरचा रेटा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढवतो. शून्य अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा १२-१३ टक्क्यांनी दाट असते. एका सहलीला जाताना साधन लावले आणि येताना अ‍ॅव्हरेज वाढले, यातून काहीच सिद्ध होत नाही. ५ टक्क्यांचा परिणाम अशा चढउतारांत सहज बुडून जातो. शांत पहाटे सपाट रस्ता निवडावा, रहदारी नसावी, टायरमधली हवा तपासावी. ठरलेल्या वेगाला गिअर न्यूट्रलला टाकावा आणि ९० वरून ७० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दोन्ही दिशांनी, चारपाच वेळा. मग साधन लावून तसेच, आणि शेवटी साधन काढून पुन्हा तसेच. नासाचा खोका याच रीतीने तपासला गेला होता. साधन विकणाऱ्याने असे आकडे दिले नाहीत तर ते मागण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे.

आता हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर येण्याचे कारण बॅटरी आहे. डिझेलच्या टाकीत इतकी ऊर्जा मावते की खराब आकाराचे पाप ती पोटात घालते. बॅटरीत तशी मुभा नाही. विजेवरच्या पिकअपला उंच चौकोनी ओढते घर जोडले की एका चार्जिंगमधले अंतर निम्म्याच्या आसपास येते, आणि मग आकाराचा दोष पाकिटाला लागण्याआधी प्रवासालाच लागतो. म्हणूनच कोलोरॅडोतल्या लाइटशिप कंपनीने २०२३ मध्ये असे ओढते घर दाखवले की जे रस्त्यावर बुटके होते आणि मुक्कामाला पोचल्यावर वर उघडते. बॉलसच्या ‘रोड चीफ’ला ९० वर्षे होऊन गेली, आणि गाडी बांधणारे पुन्हा त्याच्या दाराशी आले आहेत.

आपल्याकडे मोटरहोम नुकतेच येऊ घातले आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण केले. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आहे आणि त्यावर मोटारी ताशी १२० पर्यंत धावू शकतात. घाटाच्या गतीने चालणाऱ्या आपल्या गाड्यांना आकाराची पर्वा नव्हती, ट्रकच्या केबिनवर लाकडी मुकुट आणि टपावर कॅरिअर खुशाल चालत असे. या नव्या रस्त्यावर ते चालणार नाही. आणि आपल्याकडे अजून जुने साचे नाहीत, जुन्या सवयीचे कारखाने नाहीत, सपाट भिंतीत अडकलेले भांडवल नाही. चूक करण्याआधीच ती टाळण्याची संधी या धंद्यात फार थोड्यांना मिळते.

म्हणून आपल्या बॉडी बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चासिस कोणतेही घ्या, आत पलंग कसाही बसवा, रंग हवा तो द्या. समोरच्या चारही कडा वीतभर त्रिज्येने गोल करा, एसी टपात अर्धा बुडवून बसवा आणि पोट झाकूनच गाडी गेटाबाहेर काढा. आणि कॅरव्हॅनची नोंदणी करणाऱ्या पर्यटन संचालनालयाने गाडीत किती खाटा आणि कोणते स्वच्छतागृह आहे याच्या बरोबरीने आणखी एक रकाना अर्जात ठेवावा: ताशी ८० च्या वेगाला मोजलेले अ‍ॅव्हरेज.